मदरबोर्ड गेला म्हणून ३,६०० रुपये

माझ्या सीपीयूच्या डब्यात पालीचं एक अंडं आहे. फुटकं, वाळलेलं, मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, कोपऱ्यातल्या स्क्रूला चिकटलेलं. त्या टरफलामुळे मला कळलं, की आपण ८,९०० रुपयांना बसलो.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे आमचं गाव. तिथं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, लाडकी बहीणची ई-केवायसी, सगळी गर्दी एका कॉम्प्युटरवर. त्याचा प्रोसेसरही जुना, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, ५०० जीबीची एकुलती एक हार्डडिस्क, तिच्यावर विंडोज १०. त्याच डिस्कमध्ये अर्ध्या गावाचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले स्कॅन करून ठेवलेले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. स्क्रीनवर सूचना यायला लागल्या तसा माझा जीव वरखाली. दिवाळी झाल्यावर सीपीयू मोटारसायकलवर बांधला आणि तालुक्याला गेलो. दुकानदार गोड बोलणारा. बसायला खुर्ची, लगेच चहा.

"भाऊ, जुनी डिस्क तशीच राहू द्या. दुसरी एक टीबीची नवी टाकून देतो, तिच्यावर ओरिजिनल विंडोज ११. तुमच्या डेटाले हातबी नाही लावत."

पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण दुसरी डिस्क लावून तिच्यावर नवीन विंडोज टाकणं ही गोष्ट मुळात चुकीची नाही. डिस्कचे ३,२००, विंडोजचे १,८००, बसवायचे ३००. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं पायजे असन तं अठरा टक्के वेगळे लागतीन." मी वहीच्या कागदावरच्या चिठ्ठीवर समाधान मानलं. माझ्या दुकानात दहा रुपयांच्या प्रिंटलाही लोक पावती मागतात, आणि मी ५,३०० रुपये चिठ्ठीवर देऊन आलो.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझं मशीन त्यात बसतच नाही. त्यानं ती तपासणी चुकवून विंडोज टाकलं होतं. तसं करता येतं, पुष्कळ जण करतात, पण गिऱ्हाइकाला सांगून करावं ना!

घरी आल्यावर मशीन छान चाललं. चालू करताना फक्त एक निळा पडदा यायचा, विंडोज ११ पाहिजे की विंडोज १०, असं विचारणारा. फोन केला तर "ते राहतेच भाऊ" म्हणाला. खरी गोम त्या पडद्यातच होती.

महिनाभरानं विचार केला, जुनी डिस्क कुरकुर करते, आपल्याकडे लाइटचा खेळखंडोबा, उगाच जळायची. डेटा नव्या डिस्कवर उतरवला, जुनी काढली आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत एक ओळ : रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. चार वेळा बंद-चालू केलं, रॅम काढून खोडरबरनं घासली. तीच ओळ. बाहेर ई-केवायसीवाल्या बाया ताटकळलेल्या.

दुकानदाराला फोन लावला. एक मिनिटही विचार न करता तो म्हणाला, "मदरबोर्ड गेला असन. घेऊन या. अन् हो, जुनी डिस्क हाये ना घरी? तेबी आना, मदरबोर्डसोबत मॅच करा लागते."

हे वाक्य नीट पाहा. मदरबोर्डसोबत डिस्क मॅच वगैरे काही करावी लागत नाही. जुनी डिस्क काढली की मशीन बंद पडणार, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी मात्र दोन्ही घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी मशीन चालू, वर "बोर्ड बदलला, सेकंडहँड हाये पण एक नंबर" असा दाखला. ३,६०० फोनपेवर दिले.

संक्रांतीला भाचा आला. यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे. मी कौतुकानं डबा उघडून नवा बोर्ड दाखवायला गेलो, तर कोपऱ्यात तेच पालीचं अंडं. दसऱ्याला ब्लोअर मारला तेव्हा निघालं नव्हतं म्हणून माझ्या चांगलं लक्षात होतं.

"मामा, बोर्ड बदलला तं अंडं कसं काय सोबत आलं?"

मग तो बसला दोन तास. आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून दाखवलं, कुठल्या डिस्कवर काय आहे ते त्यात दिसतं. जुन्या डिस्कवर सुरुवातीला एक चिमुकला भाग होता, त्यावर 'सिस्टिम' लिहिलेलं. नव्या डिस्कवरच्या सी ड्राइव्हवर फक्त 'बूट'. ही नावं उलटी आहेत, ज्यानं ठेवली त्याला विचारायला पाहिजे. मशीन सुरू करणाऱ्या फायली 'सिस्टिम' लिहिलेल्या भागात असतात, आणि विंडोज स्वतः असतं त्याला 'बूट' म्हणतात. दोन्ही डिस्का लावलेल्या असताना दुसरीवर विंडोज टाकलं, तर पहिलीवर आधीपासून असलेल्या त्या भागातच सेटअप आपल्या सुरू करायच्या फायली ठेवून देतो. म्हणजे घर नवं, पण किल्ली जुन्या घरच्या खुंटीला. तो निळा पडदा जुन्या डिस्कवरूनच येत होता. ती काढली की नवी डिस्क मुकी. बोर्डाचा काही संबंधच नाही. माझी जुनी डिस्क परत जोडून त्यानं ३,६०० घेतले होते.

विंडोज टाकताना जुन्या डिस्कची साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी वायर) काढून ठेवली असती, विंडोज झाल्यावर परत जोडली असती, तर दोन्ही डिस्का आपापल्या पायावर उभ्या राहिल्या असत्या. दोन मिनिटांचं काम. त्यानं आळसानं केलं नाही की पुढच्या कमाईची सोय म्हणून, ते मी ठरवू शकत नाही. फोनवरचं "जुनीबी आना" मात्र आळशी माणसाचं नव्हतं.

मग भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत सांगणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. नव्या डिस्कचं वय त्यात निघालं : ३१,००० तासांच्या वर. आणि चालू-बंद झाल्याची संख्या शंभराच्या आत. म्हणजे साडेतीन वर्षं जवळपास न थांबता फिरलेली डिस्क. घरातला, दुकानातला कॉम्प्युटर असा चालत नाही. असा चालतो सीसीटीव्हीचा डीव्हीआर, रेकॉर्डिंग साठवणारा डबा. कुणाच्या तरी सराफा दुकानाची किंवा पेट्रोल पंपाची राखण करून दमलेली डिस्क वरून नवं स्टिकर लावून माझ्या गळ्यात मारली होती. खराब सेक्टरमुळे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांमुळे, वर पिवळ्या रंगात इशाराही होताच. हे तासांचे आकडे पुसून देणारेही असतात, तेव्हा आकडा शून्य दिसला म्हणून लगेच हुरळू नका. स्क्रूच्या भोकांवरचे ओरखडेही बघा, माझ्या डिस्कला ते होते.

विंडोजचं पाहायला कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत त्यानं एसएलएमजीआर /एक्सपीआर ही आज्ञा दिली. विकत घेतलेलं विंडोज असेल तर कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचा निरोप येतो. माझ्याकडे मुदतीची तारीख आली. माझ्यासारख्या दुकानातल्या मशीनवर ही बहुतेक क्रॅक करून चालवलेल्या विंडोजची ओळख, १८० दिवसांची मुदत आणि मागे गुपचूप ती वाढवत राहणारा प्रोग्राम. त्या मशीनवर मी गावाचे आधार क्रमांक टाकत होतो. त्या रात्री झोप आली नाही.

भाच्यानं सगळा डेटा काढला. नवीन एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, घेतली, पक्क्या बिलावर, आणि जुनीची केबल काढून ठेवूनच विंडोज टाकलं. बिल माझ्या गल्ल्यात घडी करून ठेवलंय.

दुकानदाराकडे दोघं गेलो. तासांचा आकडा दाखवला तर म्हणाला, "माल वरूनच तसा आला असन, माह्या काय दोष?" अंड्याचं विचारलं तर हसला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तिथंच फोन लावायला घेतला तेव्हा डिस्कचे ३,२०० परत दिले, बाकीच्याला साफ नकार. चिठ्ठीवर दुकानाचं नावही नाही. पण फोनपेची नोंद आहे, आणि बोर्डाचा, अंड्याचा फोटो आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी लागत नाही. अर्ज लिहून झालाय, कापसाचं आटोपलं की यवतमाळला नेऊन देतो.

अंडं अजून काढलं नाही. भाचा म्हणतो, पुरावा आहे, राहू द्या.