मेक्सिकोची स्ट्रॅट 'अमेरिकन' म्हणून गळ्यात मारली, सेकंडहँड गिटार घेणाऱ्यांनी वाचा

जरा लांबलचक लिहितोय, पण सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घ्यायच्या विचारात असाल तर पूर्ण वाचा. माझे ९८ हजार गेलेत आणि तोच माणूस अजून जाहिराती टाकतोय.

पुण्यातलीच जाहिरात होती. फेंडर अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर, २०१२ ची, काळा रंग, रोजवूडचा फिंगरबोर्ड (दांड्यावर बोटं दाबतात ती लाकडाची पट्टी), 'कझिनने कॅलिफोर्नियाहून आणलेली, घरातच वाजवलेली'. फेंडर ही अमेरिकन कंपनी, स्ट्रॅटोकास्टर म्हणजेच स्ट्रॅट हे तिचं इलेक्ट्रिक गिटारचं मॉडेल, आणि ते मेक्सिकोतही बनतं, पण बरंच स्वस्त मिळतं. नवीन अमेरिकन फेंडर आपल्याकडे दीड लाखाच्या वर जाते, त्यामुळे वापरलेली ९८ ला म्हणजे भाव अगदी बेताचा. फार स्वस्त लावली असती तर कोणीही सावध झालं असतं, त्याने ती चूक केलीच नाही. कोथरूडला त्याच्या फ्लॅटवर गेलो, छोटा अँप (गिटारचा स्पीकर) जोडून ठेवलेला, बोलायला एकदम सज्जन. बिल शिफ्टिंगमध्ये गेलं म्हणाला आणि वर स्वतःच म्हणतो, "सर, तुम्ही सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका ना, माझ्यासमोर चेक करा." टाकला. यूएस१२ ने सुरू होणारा नंबर, बरोबर २०१२ ची अमेरिकन निघाली. मागची नेकची (दांड्याची) प्लेट खोलून बघू का विचारलं तर "सेटअप बिघडेल सर, आत्ताच करून घेतलाय" म्हणाला. वाजत तर मस्त होती, यूपीआयने पैसे दिले आणि घेऊन आलो.

पहिल्यांदा तारा बदलताना फिंगरबोर्डला लेमन ऑइल लावलं आणि फडका काळा झाला. रोजवूडचा थोडा रंग येतो फडक्याला हे माहितीये, पण हा बुटाचं पॉलिश पुसल्यासारखा येत होता, आणि बाराव्या फ्रेटच्या (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास खालून फिकट, नारिंगीकडे झुकणारं लाकूड दिसायला लागलं. तिथेच पोटात गोळा आला. मुंबईत एक जुने गिटार रिपेअर करणारे काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी बोर्ड नुसता बघितला आणि म्हणाले, "हे पाऊ फेरो आहे बाळा, २०१२ च्या अमेरिकन स्टँडर्डला हे कुठून येणार?"

आता हे पाऊ फेरो प्रकरण नीट समजून घ्या कारण सगळी चोरी इथेच पकडली गेली. रोजवूड म्हणजे आपली शिसव, आणि भारतातली शिसव जगभरातल्या गिटारच्या फिंगरबोर्डांना वापरतात. जानेवारी २०१७ पासून साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराखाली या जातीच्या सगळ्या लाकडावर निर्बंध आले, देशाबाहेर न्यायचं तर परवान्याचे कागद लागायला लागले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या शेवटी. मधल्या काळात फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारवर रोजवूड बंद करून दक्षिण अमेरिकेतलं पाऊ फेरो लावायला सुरुवात केली. २०१८ ला आलेली मेक्सिकन प्लेयर सिरीज डार्क बोर्डात घेतली की पाऊ फेरोच यायचं. म्हणजे माझ्या हातात होती ती बहुतेक प्लेयर स्ट्रॅट, जिचा बोर्ड डाय लावून काळा केला होता.

काकांनी नेक खोलली तेव्हा तर अजून बघायला मिळालं. अमेरिकन स्टँडर्डच्या नेक प्लेटला एक छोटं जादा भोक असतं, त्यात ॲलन की घालून नेकचा कोन बदलता येतो, त्याला मायक्रो-टिल्ट म्हणतात. या गिटारच्या प्लेटलाही भोक होतं आणि आत स्क्रूचं डोकंही दिसत होतं. प्लेट काढली तर मागे बॉडीला भोकच नाही, कोरं लाकूड! स्क्रूचा तुकडा नुसता प्लेटला चिकटवलेला. नेकच्या टाचेवरचे शिक्के पॉलिश पेपरने घासून टाकलेले. हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) मागे जिथे 'मेड इन मेक्सिको' असायला हवं तिथे उजेड तिरपा पाडला की एक गुळगुळीत पट्टा वेगळा चमकतो, त्यावर नवीन नंबर आणि वरून क्लिअर कोट. ट्रस रॉडला (नेकच्या आतली सळई, तिने नेकचा बाक नीट करतात) अमेरिकनची १/८ इंची की बसली नाही, मेक्सिकनची ३/१६ बसली. आणि तो नंबर नंतर शोधला तर परदेशातल्या एका जुन्या जाहिरातीत सापडला, खऱ्या गिटारच्या फोटोसकट, ती सनबर्स्ट रंगाची. म्हणजे नंबर खरा होता पण दुसऱ्याच गिटारचा. साइटवर नंबर बरोबर निघाला एवढ्यावर अजिबात जाऊ नका.

मला स्पष्ट सांगायचंय की मेक्सिकोची गिटार वाईट असते असं मी म्हणत नाहीये. फेंडरचा मेक्सिकोतला एन्सेनाडाचा कारखाना १९८७ पासून चालू आहे, कॅलिफोर्नियातल्या कोरोना शहरातल्या कारखान्यापासून गाडीने काही तासांवर, फक्त मध्ये सीमा आहे. मालक एक, डिझाइन एक, बॉडी आणि नेक दोन्हीकडे सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवरच कापतात. फरक पडतो तो मजुरीत आणि हाताच्या कामाला दिलेल्या वेळात, म्हणजे फिंगरबोर्डच्या कडा हाताने गोल करणं, फ्रेटची टोकं घासणं, नट (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नीट बसवणं, शिवाय पिकअप आणि हार्डवेअरचा दर्जा. किंमत मात्र साधारण दुप्पट होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोरियात बनलेल्या काही स्क्वायरच्या (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) बॉडी चक्क प्लायवूडच्या होत्या, त्या वाजवणाऱ्याला हातात घेतल्यावर कळायच्या. आता मेक्सिको काय, इंडोनेशियाचा माल काय, इतका सुधारलाय की अँपला लावून अर्धा तास वाजवून देश सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. दर्जातला फरक कमी झाला आणि भावातला तसाच राहिला, आणि या मधल्या जागेत हे लोक धंदा करतात. एक डिकल (हेडस्टॉकवरचं नाव-नंबराचं स्टिकर) बदललं की चाळीसेक हजार खिशात.

आणि बाहेर बनली म्हणजे किंमत पडते असंही काही नाही. १९८२ ला फेंडरने जपानमध्ये फुजिजेन कंपनीकडून गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्या जेव्ही सीरियलच्या स्क्वायर स्वस्त गिटार म्हणून विकल्या होत्या, आज कलेक्टर शोधत फिरतात. देशाचं नाव खरं असेल तर त्या गिटारची म्हणून एक किंमत राहते. माझ्या गिटारचं ते नावच घासून टाकलंय. मेक्सिकन म्हणून विकायला गेलो तरी घेणारा विचारणार नंबर का बदललाय, चोरीची आहे का. पन्नास-पंचावन्न हजाराला सहज गेली असती अशी चांगली गिटार आज बाजारात जवळजवळ शून्य आहे. एन्सेनाडातल्या कोणीतरी नीट काम करून बनवलेली वस्तू या माणसाने कायमची खराब केली याचा मला पैशाइतकाच राग आहे.

विकणाऱ्याला फोन केला, आधी "मला पण अमेरिकन म्हणूनच मिळाली" म्हणाला, फोटो पाठवल्यावर ब्लॉक. त्या फ्लॅटवर गेलो तर भाड्याचा होता, सोडून गेलेला. चौकीत साहेबांचा पहिला प्रश्न, "वाजते ना गिटार? मग फसवणूक कसली?" त्यांना डिकल, नंबर, दोन्ही जाहिरातींचे प्रिंट आणि काकांनी लिहून दिलेला कागद दाखवला तेव्हा अर्ज घेतला. पैसे ऑनलाइन दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितकं ते खातं रिकामं होतं. चॅट डिलीट करू नका.

घेताना नेक खोलू देत नसेल तर उठून निघा. चार स्क्रू आहेत, तारा सैल करायच्या, पाच मिनिटांचं काम आहे, सेटअप पुन्हा करायचे पैसे मी देतो म्हणा. प्लेटमागे बॉडीला भोक आहे का ते बघा, टाचेवरचा शिक्का बघा, हेडस्टॉकच्या मागे मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, बोर्डावर ओला पांढरा फडका घासा. सीरियल नंबर साइटवर टाकाच, पण नुसता सर्चमध्येही टाका.

काल रात्री एका मित्राने दुसऱ्या नावाची जाहिरात पाठवली, मागे तीच भिंत, तोच अँप. या वेळी गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची लेस पॉल गिटार आहे, 'कझिनने आणलेली'. फोटो मोठा करून बघितला तर ट्रस रॉडच्या कव्हरला तीन स्क्रू आहेत. खऱ्या गिब्सनला दोन असतात. भाव १ लाख ३५ हजार, पुणे, आणि खाली कोणीतरी विचारलंय रविवारी बघायला येऊ का.