जाणत्या घोडीच्या सोबतीने शिंगराचे शिक्षण: एका पागेच्या सेवेविषयी

शिंगरू आणि स्वारीचा जाणता घोडा एकत्र ठेवून घेणाऱ्या आणि त्या सोबतीचाच शिक्षणासाठी उपयोग करणाऱ्या पागा थोड्याच असतात. एरवी शिंगराला वेगळ्या ठाणात बांधतात, लांब दोरीवर रिंगणात फिरवतात, पाठीवर खोगीर चढवतात आणि काम झाले म्हणून मालकाच्या हवाली करतात. माझी स्वारीची घोडी 14 वर्षांची आहे आणि तिच्या सोबतीला आणलेले शिंगरू दोन वर्षांचे. दोघांना ज्या पागेत ठेवले तेथील पद्धत निराळी आहे आणि ती मला बहुतांशी पटली आहे.

दाखल करून घेतानाच या मंडळींची काळजी दिसते. नर शिंगरू घोडीसोबत ठेवायचे असेल तर ते खच्ची केलेले असले पाहिजे, ही त्यांची पहिली अट आहे. बाहेरून आलेले प्रत्येक जनावर तीन आठवडे वेगळे ठेवून रोज त्याचा ताप पाहिला जातो, कारण स्ट्रँगल्ससारखा (घोड्याच्या घशाच्या गाठी सुजवणारा) सांसर्गिक आजार लागण झाल्यावर दिसायला दोन आठवडेही घेऊ शकतो. त्यानंतर दोघांना कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवतात आणि मगच एका मैदानात सोडतात. दोन जनावरांसाठी वैरणीचे तीन ढीग, तेही एकमेकांपासून चांगले लांब टाकलेले पाहून मला समाधान वाटले. घोडीने कान मागे पाडताच शिंगरू मान पुढे करून लहान पिल्लासारखे तोंड उघडमीट करी आणि तिसऱ्या ढिगाकडे निघून जाई. जागा सोडून मागे सरणे ते असे तिच्याकडून आधीच शिकले होते, त्यामुळे पुढे मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाने, मोहरकीला (तोंडाभोवतीच्या, कडी नसलेल्या दोरीला) हात लावून मागे सरायला सांगितले तेव्हा ओढाताण झाली नाही.

या सेवेचा गाभा म्हणजे घोडीवर बसून शिंगराला सोबत चालवणे. यात चाबूकस्वाराचा, म्हणजे घोड्यांना शिकवणाऱ्या स्वाराचा, हात किती तयार आहे ते लगेच कळते. दोर लांब व सुती असतो, तो तळहातात घड्या घालून धरलेला असतो, हाताला कधीही गुंडाळलेला नसतो आणि खोगिराला तर कधीच बांधलेला नसतो. शिंगराचे डोके स्वाराच्या गुडघ्याजवळ राहिले पाहिजे. ते पुढे गेले तर घोडीच्या आडवे येते आणि मागे रेंगाळले तर दोर घोडीच्या शेपटीखाली जाऊन ती बिथरू शकते. पाण्याच्या डबक्यापाशी आल्यावर चाबूकस्वाराने घोडीला पाण्यात नेऊन उभे केले, दोर सैल सोडला आणि तो स्वस्थ बसला. शिंगराने मान पार खाली घातली, फुरफुरले, एक खूर टेकवून मागे घेतले. घोड्याला आपल्या नाकाच्या अगदी खालचे दिसत नाही, म्हणून त्याला हुंगायला आणि मान वाकवून पाहायला वेळ हवा असतो, आणि तो येथे मिळाला. घोडी पाण्यात निवांत उभी होती, त्यामुळे शिंगरूही थोड्या वेळाने आपण होऊन आत उतरले.

मात्र सोबतीचा हा उपयोग अर्धवट सोडला तर तो घातक ठरतो, कारण घोडीशिवाय एक पाऊल न टाकणारे जनावर स्वारीच्या कामाचे नसते. ही पागा त्यावर आरंभापासून काम करते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल यातच आहे. प्रथम खरारा (अंग घासणे) चालू असताना घोडीला क्षणभर भिंतीआड नेतात आणि शिंगरू घाबरेघुबरे होण्याआधीच परत आणतात; मग हा अवधी हळूहळू वाढवत नेतात. आता घोडी दूर गेली तर ते एकदा खिंकाळते, कान टवकारून उत्तराची वाट पाहते आणि पुन्हा दाण्याच्या तोबऱ्यात तोंड घालते.

पाठीवर माणूस बसवण्याची घाई त्यांनी केली नाही, आणि मालकाने आग्रह धरला तरी ते करत नाहीत. घोड्याच्या पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पुरी होते, परंतु पाठीच्या कण्याची वाढ पाच वर्षांच्या पुढेही चालू असते. शिवाय समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडून कायमचे दात येतात. या काळात हिरड्या दुखऱ्या असताना तोंडात लोखंडी कडी घालून लगाम खेचला, तर लगामाचीच धास्ती बसते. म्हणून दातांची तपासणी होईपर्यंत सारे काम मोहरकीवरच चालते, आणि तंगाची (खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याची) सवयही आधी नुसत्या रुंद पट्ट्याने लावतात.

तक्रार आहे ती घोडीच्या बाजूने. शिंगरू नेहमी तिच्या उजव्या हाताला चालवले गेले. उजवीकडे वळायचे म्हणजे शिंगराच्या अंगावर जायचे, हे तिच्या इतके मनात बसले की एकटी असतानाही ती उजवीकडे वळताना खांदा आत टाकू लागली आणि मान ताठ धरू लागली. स्वारही सतत उजवीकडे वळून पाहत असल्याने त्याचा भार एका बाजूला पडत असणार. जाणत्या घोड्याकडून असे काम घ्यायचे असेल, तर मधल्या दिवसांत त्याला एकट्याने दोन्ही बाजूंच्या रिंगणांवर फिरवून अंगाने मोकळे करणे हे सेवेचाच भाग असले पाहिजे. येथे ते झाले नाही. दाणाही सुरुवातीला दोघांना सारखाच दिला गेला. वाढत्या जनावराची गरज वेगळी असते आणि कमी कामावरच्या, अंगाने भरलेल्या घोडीला जास्त दाण्याने खुरांचा दाह होण्याचा धोका असतो. सांगितल्यावर हे त्यांनी लगेच बदलले.

ज्यांचा मोठा घोडा शांत आहे, रस्त्यावर दचकत नाही आणि सोबतीच्या जनावराला लाथ मारत नाही, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. घोडा बुजरा असेल तर शिंगरू त्याच्याकडून बुजणेच शिकेल, तेव्हा अशा वेळी पागेतलाच एखादा जाणता घोडा मागून घ्यावा. खोगिराच्या शिक्षणासाठी मी शिंगराला पुन्हा येथेच ठेवणार आहे; घोडीला आठवड्यातून निदान दोन दिवस शिंगराशिवाय, स्वतंत्र रपेटीवर न्यायचे, हे मात्र या वेळी आधीच लेखी ठरवून घेतले आहे.