माळावर चर मारावा की चौकी बसवावी?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या आसपासचं एखादं कुरण तुमच्या समितीकडे आलं आणि पैसे एकाच कामापुरते असले, की बैठकीत हाच वाद होतो. आत घुसणाऱ्या गाड्या अडवायला कडेनं चर मारायचा, की वाटेवर चौकी टाकून गावातली पोरं वाटाडे म्हणून बसवायची? दोन्ही राबवून पाहिल्यावर बनलेलं मत खाली आहे. तुमची जमीन, तुमचे शेजारी वेगळे असतील तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

तारेचं कुंपण मी यात धरलेलंच नाही. तार चोरीला जाते, काळवीट अडकतं, आणि त्याच तारेचे पुढे फासे होतात.

चराचं गणित सोपं आहे. वरची रुंदी दीड मीटर, तळ साठ सेंटीमीटर आणि खोली एक मीटर धरली, तर दर मीटरला साधारण एक घनमीटर मुरूम निघतो, म्हणजे किलोमीटरला हजार. हा मुरूम आतल्या अंगाला टाकायचा, म्हणजे गाडीला आधी खड्डा आणि मग चढ लागतो. बाहेर टाकला तर ट्रॅक्टरवाला फावड्यानं तोच खड्ड्यात ओढतो आणि अर्ध्या तासात वाट तयार करतो. उताराच्या दिशेनं सलग चर मारू नका, एका वळवातच त्याची ओघळ होते. वीस-पंचवीस मीटरवर हात-दीड हात रुंदीचा न खोदलेला पट्टा सोडला तर पाणी थबकतं, आणि तेवढ्यावरून चारचाकी जात नाही. मधूनमधून आतला काठ तिरका ठेवा, टिटवीचं किंवा धाविक या माळावरच्या पाखराचं पिल्लू आत पडलं तर त्याला वर चढता आलं पाहिजे.

एक खर्च अंदाजपत्रकात कधीच नसतो. उकरलेल्या मातीवर पहिल्याच पावसाळ्यात गाजरगवत आणि विलायती बाभूळ उगवते. रोपं हातानं उपटण्याजोगी असतात तोवर उपटली नाहीत, तर पवन्या-मारवेल गवताच्या मोकळ्या कुरणाला झुडपांची किनार लागते, आणि माळावरच्या पाखरांना तर चहूकडचं लांबवर दिसायला हवं असतं.

रात्रीच्या मुरूमचोरीला मात्र चरासारखा इलाज नाही, हे मान्य करायलाच हवं. भरलेली ट्रॉली चरावरून जात नाही.

माझं मन चरावरून उडालं ते त्याच्या तोंडांमुळे. १९७९ साली जाहीर झालेलं इथलं माळढोक अभयारण्य आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं, पुढे ते सुमारे १,२२२ वर आलं, तरी आत खासगी शेतं आहेतच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हद्दीत ज्याची जमीन आहे त्याला आत जाता येतं, आणि ते रास्तच आहे. म्हणून चराला जागोजागी तोंड सोडावं लागतं. तोंडाला फाटक येतं, फाटकाला कुलूप, आणि किल्ली पाच-सहा घरांत. कांद्याच्या गाड्या सुरू झाल्या की दर खेपेला उतरून कुलूप लावणार कोण? फाटकाला दगड लागतो आणि तो तिथेच राहतो. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला आलेली मंडळी पोट भरल्यावर ‘जरा हरणं बघून येऊ’ म्हणत त्याच तोंडातून जीप आत घालतात. झाडीच्या जंगलात एकदा फाटक चुकवलं की गाडीला रस्त्यावरच राहावं लागतं. इथे आत शिरली की सगळा माळच रस्ता. आणि चर आहे म्हणून कुणी फिरकलेलं नसतं, त्यामुळे कुलूप तुटल्याचं पंधरवड्यानं कळतं.

चौकीत हे घडत नाही असं नाही, पण त्याच दिवशी कळतं. वापरात असलेली एकच वाट पर्यटकांसाठी ठेवायची, गाडीचा नंबर आणि वेळ वहीत लिहायची, गाडीत वाटाड्या बसल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी सगळ्या गाड्या बाहेर काढायच्या, कारण हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतातच, जमिनीवर मुक्कामाला उतरतात. पावसाळ्यात वाट सोडून एक चाकही खाली उतरू द्यायचं नाही. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण जमिनीवर अंडी घालणारा तो एकटा नाही.

आडवाटांसाठी बाभळीची काटेरी फांदी पुरते. संध्याकाळी ती ओढून वाटेची माती सारखी करायची आणि सकाळी ठसे बघायचे. टायर, कुत्र्यांचे पंजे, मेंढ्यांचे खूर, सगळं वाचता येतं. कुत्र्यांसोबत अनवाणी किंवा चपलेचे दोन-तीन माणसांचे ठसे दिसले आणि मेंढरं नसली, तर वनरक्षकाला लगेच फोन. गस्तीची वेळ रोज बदलायची. ठरलेली वेळ सगळ्यात आधी फासेवाल्याला पाठ होते.

चौकीची दुखणी वेगळी आहेत. वाटाड्याला झडती घेण्याचा अधिकार नाही, कलम ५० खाली ते काम वन अधिकाऱ्याचं किंवा उपनिरीक्षक व त्यावरच्या पोलिसाचं. त्यानं फोटो, नंबर, वेळ एवढंच घ्यावं आणि हुज्जत घालू नये. भावकीतल्या कुणाची मेंढरं आत असली की त्याचं तोंड बंद होतं, म्हणून जोडीतला एक दुसऱ्या वाडीचा हवा. पुढाऱ्याची गाडी तो अडवणार नाही, हे गृहीत धरा. वहीत नंबर लिहिला तरी पुष्कळ. आणि पगार दोन महिने थकला की चौकी रिकामी.

तरीही माझा कल चौकीकडेच आहे. मुरूमचोरी होत असेल तर ट्रॉली शिरते तेवढ्या शे-दोनशे मीटरचाच चर मारा, तोही शेताची वहिवाट नसलेल्या बाजूला. उरलेल्या पैशांतून आधी दोन माणसांचा वर्षाचा पगार बाजूला काढा, पत्र्याची चौकी त्यानंतर.