भाडं क्रेडिट रिपोर्टवर चढवायची सर्व्हिस: कोणी घ्यावी, कोणी नको (बे एरिया)

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३. नवीन आलेल्यांसाठी ४ म्हणा, आणि ज्यांच्याकडे आधीच दोन-तीन कार्डं नि कारलोन चालू आहे त्यांच्यासाठी १, त्यांनी उगाच पैसे घालवू नयेत.

आम्ही सॅन होजेला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहतो, नाव देत नाही. लीज रिन्यू करताना त्या ढीगभर कागदांत एक पान असतं, तुमचं भाडं क्रेडिट ब्युरोला (कोण पैसे वेळेवर फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या तीन कंपन्या, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन) कळवू का म्हणून, बहुतेक जण न वाचता नाही करून पुढे जातात. हे लीजिंग ऑफिसवाले काही उपकार करत नाहीयेत बरं का, कॅलिफोर्नियात एबी २७४७ कायदा आहे, १ एप्रिल २०२५ पासून मोठ्या बिल्डिंगवाल्यांना ही सोय द्यावीच लागते आणि वर्षातून एकदा तरी परत विचारावं लागतं. १५ किंवा कमी युनिटवाले छोटे घरमालक बहुतेक करून यातून सुटतात. फी महिन्याला जास्तीत जास्त १० डॉलर किंवा त्यांना खरोखर येणारा खर्च, यातलं जे कमी असेल ते, आणि त्यांना खर्चच नसेल तर फी पण नाही, हे विचारून घ्या, आपणहून कोणी सांगत नाही. फी थकली म्हणून घर खाली करायला लावता येत नाही, डिपॉझिटमधून कापता पण येत नाही. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे या योजनेत फक्त वेळेवर भरलेलं भाडं कळवायचं असतं, एखाद महिना उशीर झाला तर त्याचा डाग लागत नाही. कधीही बंद करता येतं, फक्त परत चालू करायला ६ महिने थांबावं लागतं.

मी का घेतलं तर मी एच-४ वर (नवरा एच-१बी वर, त्याच्या बायकोचा व्हिसा) आले, लाईट-इंटरनेटपासून गाडीपर्यंत सगळं नवऱ्याच्या नावावर, तिकडे पुण्यात माझा सिबिल झकास होता पण इथे पाटी कोरी. नंतर ईएडी म्हणजे नोकरी करायची परवानगी आली, नोकरी लागली, आणि घर दोघांच्या नावावर दोघांच्या पगारावर घ्यायचं म्हणलं तर माझी फाईल रिकामी, फायकोचा स्कोअर (इथे कर्ज देणारे बहुतेक हाच क्रेडिट स्कोअर बघतात) तयार व्हायलाच निदान एक खातं ६ महिने जुनं लागतं. लीजवर मात्र माझं नाव होतं, म्हणून हे घेतलं. एक सांगते, दोघांची नावं लीजवर असली तरी आमच्याकडे प्रत्येकाला वेगळं एनरोल व्हावं लागलं, नवऱ्याने केलं म्हणजे बायकोचं आपोआप होत नाही.

आता वैताग. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र, लीजवर तसंच उतरवलेलं, बँकेत नि कार्डवर मात्र फक्त माझं नाव नि आडनाव. झालं, भाड्याची ओळ माझ्या फाईलला जुळेचना. पोर्टलवर "रिपोर्टेड" असा हिरवा टिक दिसतोय आणि रिपोर्ट काढला तर काहीच नाही. चॅटवर बॉट, बॉटनंतर माणूस, माणूस म्हणतो ब्युरोला विचारा, ब्युरो म्हणतो ज्यांनी पाठवलं त्यांना विचारा. शेवटी लीजिंग ऑफिसमधल्या एका बिचारीने नाव दुरुस्त करून परत पाठवलं तेव्हा कुठे दिसलं. तेव्हा पहिल्याच महिन्यात ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या साईटवरून तिन्ही रिपोर्ट फुकट काढून बघा, पोर्टलच्या टिकवर विसंबू नका. आणि आमच्याकडे ते एकाच ब्युरोला जातं, कायद्यात पण निदान एक एवढंच आहे. होमलोनला तिन्हींचे स्कोअर काढून मधला धरतात, मग एकाच ठिकाणी वाढून किती उपयोग ते तुम्हीच बघा.

आणि मुख्य मुद्दा इथे आहे, फोनवरच्या ॲपमध्ये माझा स्कोअर टुणकन वर गेला, आम्ही खूश, आणि लोन ऑफिसरने काढला तर तेवढा नाहीच! कारण क्रेडिट कर्मा या फुकट ॲपमध्ये दिसतो तो व्हँटेजस्कोअर ३.०, म्हणजे फायकोपेक्षा वेगळ्या कंपनीचा स्कोअर, त्यात भाडं धरतात. फायको ९ नि १० मध्ये धरतात, ८ मध्ये नाही, आणि होमलोनवाले वर्षानुवर्षं फायको २, ४, ५ अशी जुनाट व्हर्जन्स वापरत आलेत. जुलै २०२५ मध्ये व्हँटेजस्कोअर ४.० चालेल असं सरकारने जाहीर केलंय खरं पण आमच्या लेंडरचं घोडं जुन्यावरच अडलेलं. म्हणजे जाहिरातीत जो स्कोअर वाढतो तो आणि घरासाठी बघतात तो, वेगवेगळे असू शकतात, हे सर्व्हिस विकणारे कुठेच धड सांगत नाहीत.

त्यापेक्षा कामाची गोष्ट फुकट आहे. फॅनी मे (बँकांकडून होमलोन विकत घेणारी मोठी संस्था) च्या सिस्टीममध्ये सप्टेंबर २०२१ पासून पहिलं घर घेणाऱ्यांचं १२ महिन्यांचं भाडं थेट बँक स्टेटमेंटवरून बघायची सोय आहे, तुमच्या परवानगीने, भाडं महिना निदान ३०० डॉलर हवं (इथे ३०० मध्ये पार्किंग तरी मिळेल का), आणि त्यात सापडलं तर फायदाच, नाही सापडलं तर तोटा नाही. फक्त भाडं तुमच्या खात्यातून, दर महिन्याला, ओळखू येईल असं गेलेलं पाहिजे. आपल्याकडची पोरं चार जण मिळून राहतात, एकजण पूर्ण भाडं भरतो, बाकीचे त्याला झेलवरून (Zelle, बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवतात आणि नोटमध्ये किराणा, वडापाव, मागच्या ट्रिपचे पैसे सगळं एकत्र. त्यातून तुमचं भाडं कोण कसं शोधणार? घर घ्यायचं डोक्यात असेल तर निदान वर्षभर आधीपासून आपला हिस्सा आपल्याच खात्यातून थेट पोर्टलवर भरा, आणि लेंडरला स्वतःहून विचारा की हे भाड्याचं बघणार का, सगळे बघत नाहीत.

नणंदेने विचारलं म्हणून, तिकडे भारतात साधं भाडं सिबिलवर चढत नाही, क्रेडिट कार्डाने भरलं तरी मोजतात ते कार्डाचं बिल, आणि तो प्रकारही २०२५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेच्या नवीन नियमांनंतर बऱ्याच ॲप्सनी बंद केला.

मी सध्या बंद केलंय, माझं कार्ड आता जुनं झालंय. छोट्या घरमालकाकडे राहत असाल तर बाहेरच्या कंपन्या आहेत, काही जणी मागचं २४ महिन्यांपर्यंतचं भाडं पण चढवून देतात, पण त्याचे वेगळे पैसे आणि बऱ्याच ठिकाणी घरमालकाला फोन करून खात्री करतात, तेव्हा त्याला आधी सांगून ठेवा. नुसतं करून बघायचं असेल तर एक्स्पिरियन ब्युरोचीच एक्स्पिरियन बूस्ट ही सोय फुकट आहे, बँक खातं जोडायचं, पण ते फक्त एक्स्पिरियनपुरतंच.