प्लॅनिंग पोकरचे पत्ते: घ्या, पण कोटेशनसाठी नको

सॉफ्टवेअरचं एखादं काम किती मोठं आहे, याचा अंदाज (एस्टिमेट) टीमने मिळून काढण्यासाठी हे पत्ते असतात. टेस्टिंगवाल्यांना एस्टिमेटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत शेवटी विचारतात. तोवर सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा आर्किटेक्ट "दोन दिवसांचं काम" म्हणून मोकळा झालेला असतो आणि बाकीच्यांनी माना डोलावलेल्या असतात. या पत्त्यांनी आमच्याकडे नेमकी हीच खोड मोडली.

एका कॅटमध्ये चार रंगांचे चार संच येतात, म्हणजे चौघांची सोय. आम्ही सात जण, त्यामुळे दोन कॅट घ्यावे लागले. पानांवर 0, अर्धा, 1, 2, 3, 5, 8, 13, 20, 40, 100, काम नीट कळलं नसेल तर टाकायला एक प्रश्नचिन्ह आणि चहा-कॉफीच्या ब्रेकसाठी कप. 13 नंतर मुद्दाम गोल आकडे आहेत, कारण एवढ्या मोठ्या कामात वीस की एकवीस यावर भांडण्यात अर्थ नसतो. कागद मात्र पातळ आहे, कोपरे लगेच दुमडतात. या किमतीत जरा जाड पान द्यायला हरकत नव्हती.

खेळ सोपा आहे. स्टोरी, म्हणजे करायच्या एका छोट्या कामाचं वर्णन, वाचायची, प्रत्येकाने पान पालथं ठेवायचं, सगळ्यांनी एकदम उलटायचं. सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान पान टाकणाऱ्यांनी आधी बोलायचं. मग पुन्हा पानं टाकायची. जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये ही पद्धत मांडली. वाइडबँड डेल्फी ही जाणकारांकडून फेऱ्याफेऱ्यांनी अंदाज घेण्याची पद्धत तिची जुनी चुलती. तिथे अंदाज निनावी लिहून देतात. इथे नाव झाकलेलं नसतं, पण पहिल्या बोलणाऱ्याचं वजन बाकीच्यांवर पडत नाही.

'ओटीपी पुन्हा पाठवा' या बटणाची स्टोरी आली तेव्हा डेव्हलपरांची पानं 2 आणि 3 ची, माझं 13. खोलीत हशा. मग मी विचारलं: नवा ओटीपी गेल्यावर जुना चालणार का? कोणी पन्नासदा बटण दाबलं तर? एसएमएसचा मजकूर बदलला, तर डीएलटीवर (कंपन्यांच्या एसएमएसची नोंदणी होते ती व्यवस्था) टेम्प्लेटची, म्हणजे मजकुराच्या साच्याची, मंजुरी नव्याने घ्यावी लागेल, ती कोण आणणार? दुसऱ्या फेरीत सगळे 8 वर आले. त्या 8 पेक्षा मधली दहा मिनिटं कामाची होती. एरवी हे प्रश्न रिलीजच्या आदल्या रात्री निघतात.

आता तक्रार, आणि ती पत्त्यांपेक्षा वापरणाऱ्यांची. पानांवरच्या आकड्यांना पॉइंट म्हणतात. "एक पॉइंट म्हणजे किती तास?" असं मॅनेजरने विचारलं की समजावं, गाडी घसरली. पॉइंट त्या टीमपुरते असतात, दुसऱ्या टीमच्या पॉइंटशी तुलना करू नये. फिक्स्ड प्राइसचं टेंडर भरायचं असेल तर हा कॅट कपाटातच ठेवा. तिथे ॲलन अल्ब्रेक्ट यांनी 1979 मध्ये मांडलेले फंक्शन पॉइंट, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय काय करून देतं त्यावरून काढलेला आकार, मोजा. नाहीतर निदान तीन आकडे घ्या: सगळं सुरळीत झालं तर, बहुतेक वेळा लागतात तेवढे, आणि सगळंच फिसकटलं तर. मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा. क्लायंटला त्याचा हिशोब तरी दाखवता येतो.

टीममधले निम्मे घरून काम करत असतील तर कागदी कॅट निरुपयोगी, फुकटचं ॲप पुरे. एका खोलीत बसणाऱ्यांनी मात्र हाच घ्यावा, कारण मोबाईल हातात आला की लोक मेसेज बघत बसतात. आमच्याकडे प्रश्नचिन्हाचं पान सगळ्यांत जास्त मळलंय. नवीन मुलं आधी ते टाकायला लाजायची, आता बिनधास्त टाकतात आणि स्टोरी लिहिणाऱ्याला ती पुन्हा लिहावी लागते. पाचपैकी चार तारे, एक कागदासाठी कापला.