तीन पोस्टरे, एकच फ्रेम: छपाई उत्तम, मांडणीची मात्र वाट

बैठकीच्या खोलीतल्या लांब भिंतीसाठी गेल्या महिन्यात मी एका ऑनलाइन दुकानातून जुन्या चित्रपटांच्या तीन पोस्टरांच्या पुनर्मुद्रित प्रती मागवल्या: 'मदर इंडिया' (१९५७), 'व्हर्टिगो' (१९५८) आणि 'जॉज' (१९७५). तिन्हींचा आकार ए-टू, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, आणि किंमत फ्रेमशिवाय १,३५० रुपये. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात नीट गुंडाळलेला माल चौथ्या दिवशी घरी आला. कागद जाड आणि मॅट आहे, शाई बोटाला लागत नाही, काळा रंग खरोखर काळा उतरला आहे. एवढ्यावर थांबायचे असते तर पाचपैकी साडेचार तारे देऊन मी मोकळा झालो असतो. परंतु पोस्टरे भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, आणि तिन्हींत काहीतरी बिनसले आहे हे जाणवले. काय बिनसले ते कळायला मोजपट्टी घ्यावी लागली.

सर्वांत मोठे नुकसान 'जॉज'चे झाले आहे. हे चित्र मुळात रॉजर कॅस्टेल या चित्रकाराने पीटर बेंचली यांच्या कादंबरीच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीसाठी रंगवले आणि पुढे तेच चित्रपटाच्या पोस्टरवर गेले. पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणारी एक चिमुकली बाई, तिच्याकडे खोलातून सरळ वर येणारा प्रचंड शार्क आणि माथ्यावर लाल रंगातले नाव, एवढाच ऐवज. चित्रपटात रॉय शायडर, रॉबर्ट शॉ आणि रिचर्ड ड्रायफस असे तीन प्रमुख नट असताना एकाचाही चेहरा पोस्टरवर घेतलेला नाही, हा धीर मला आजही थोर वाटतो. शार्कचे दात भयंकर आहेतच, पण पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो दात आणि बाई यांच्यामध्ये उरलेल्या पाण्यामुळे, कारण खाली काय आहे याचा तिला पत्ता नाही आणि आपण मात्र सगळे पाहत आहोत. ही गोष्ट सांगायला उंची लागते. मूळ अमेरिकी पोस्टर २७ बाय ४१ इंचांचे होते. त्या प्रमाणात ४२ सेंटिमीटर रुंदीला जवळजवळ ६४ सेंटिमीटर उंची हवी. दुकानाने ती ५९.४ मध्ये बसवण्यासाठी वरखाली मिळून सुमारे साडेचार सेंटिमीटर चित्र सरळ कापून टाकले आहे. शिंप्याने उरलेले कापड बाजूला काढावे, तशी ही जागा कुणालातरी जास्तीची वाटली असावी. परिणाम असा की नाव वरच्या कडेला डोके आपटून उभे आहे आणि शार्क समुद्राच्या तळातून येण्याऐवजी फ्रेमच्या काठावर हनुवटी टेकवून बसल्यासारखा दिसतो.

'मदर इंडिया'च्या बाबतीत नेमका उलटा प्रकार घडला. आपल्याकडील जुने पोस्टर साधारणपणे ३० बाय ४० इंचांचे, म्हणजे प्रमाणाने ए-टूपेक्षा बुटके. ते कापायचे तर बाजू जातात, म्हणून इथे चित्र उभे ताणले आहे, सुमारे सहा टक्के. आकडा किरकोळ वाटेल. पण खांद्यावर नांगराचे ओझे पेलणाऱ्या नर्गिसचा चेहरा लांबट झाला की ओझ्याचा भारच हलका होतो, कारण त्या चित्रातली सगळी ताकद खाली दाबणाऱ्या वजनात आहे आणि ताणलेली आकृती वर निघाल्यासारखी भासते. चित्रपटाची जाहिरात चित्रातून करण्याची आपली परंपरा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपर्यंत मागे जाते. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले होते, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला काय दिसेल हे पडदा रंगवणाऱ्याला आधी ठरवावे लागते. रस्त्यापलीकडून वाचायच्या चित्रालाही तोच हिशेब लागू आहे. हाताने रंगवलेल्या पोस्टरांतील जाड फटकारे जवळून ओबडधोबड दिसतात ते याचमुळे, आणि या प्रतीत ते फटकारे सुंदर उतरले आहेत, हे मान्य केले पाहिजे.

'व्हर्टिगो' हे अमेरिकी आरेखनकार सॉल बास यांचे काम. नारिंगी पार्श्वभूमी, पांढऱ्या रेषांचा भोवरा आणि त्यात ओढल्या जाणाऱ्या दोन आकृत्या. नारिंगी रंग तांबूसकडे झुकला आहे, पण ते चालण्यासारखे आहे. चालण्यासारखी नाहीत ती अक्षरे. मूळ पोस्टरवरील अक्षरे पात्याने कापल्यासारखी उंचसखल आहेत, जणू त्यांचाही तोल गेला आहे. या प्रतीत त्यांच्या जागी संगणकातला एक सरळसोट तयार फाँट बसवला आहे. भोवऱ्याच्या मधोमध रांगेत उभी राहिलेली ती शिस्तबद्ध अक्षरे पाहून मला सरकारी कचेरीतल्या पाटीची आठवण झाली.

कुतूहल म्हणून तिन्ही पोस्टरांची मूळ चित्रे मोबाइलवर नखाएवढी करून पाहिली. तिन्ही चटकन ओळखू आली. त्याच पडद्यावर शेजारी दिसणाऱ्या दोन नव्या मराठी चित्रपटांच्या जाहिरातींत सहा-सहा मुंडकी, निर्मात्यांची नावे आणि प्रायोजकांची चिन्हे इतकी दाटली होती, की चित्रपट विनोदी आहे की रहस्यमय याचाही अंदाज लागेना. प्रत्येकाला पोस्टरवर जागा द्यायची म्हटले की चित्रासाठी जागा उरत नाही.

दुकानाला मोजमापांसह तक्रार लिहिली. दुसऱ्याच दिवशी सभ्य उत्तर आले: सर्व पोस्टरे एकाच मापात छापली जातात, कारण ग्राहकांना तयार फ्रेम हव्या असतात. कारण व्यवहारी आहे. मग चारही बाजूंनी पांढरी पट्टी सोडून चित्र प्रमाणात लहान का करू नये, या प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले नाही. 'व्हर्टिगो' परत घेऊन त्याचे पैसे दिले. 'जॉज' १५० रुपये जादा घेऊन २४ बाय ३६ इंचांत पुन्हा छापून दिले. हे माप मूळ प्रमाणाच्या बरेच जवळ आहे आणि आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे त्याची चौकट तयार होती. 'मदर इंडिया' अजून नळकांड्यातच आहे. छपाईला साडेचार तारे, मांडणीला दीड. मागवणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी मूळ पोस्टरची लांबी-रुंदी विचारावी आणि त्याच प्रमाणात छापून मागावे.