एका दिवसाच्या ट्रेकसाठी लंबर पॅक

सह्याद्रीत मार्च लागला की मोठ्या सॅकखाली पाठ घामाने निथळू लागते, आणि त्यावर कंबरेला आवळायच्या दहा-बारा लिटरच्या लंबर पॅकइतका चांगला उपाय मला दुसरा मिळालेला नाही. पाठ मोकळी राहते आणि खांद्यांऐवजी कंबरेची हाडे ओझे पेलतात. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर खोबणीत बोटे रोवून चढताना याचे खरे मोल कळते, कारण वजन खाली आणि अंगालगत असल्याने तोल मागे जात नाही. कळसूबाईच्या शिड्यांवरही तोच अनुभव येतो. दोन्ही बाजूंच्या बाटल्या थांबल्याशिवाय हाती लागतात, त्यामुळे पाणी वेळच्या वेळी प्यायले जाते.

उतरताना मात्र चित्र बदलते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर, किंवा कातळटप्प्यावर बसून सरकावे लागते, तेव्हा हा पॅक नेमका दगडाला घासतो आणि आपल्याला पुढे ढकलतो. अशा जागी पट्टा सैल करून पॅक पोटावर फिरवून घ्यावा, पण मग पाऊल कुठे पडते ते नीट दिसत नाही. घसाऱ्याची वाट असेल, तर मी अजूनही पाठीवरची सॅकच नेईन.

दुसरी मर्यादा पाण्याची आहे. वाटेत टाके किंवा गाव नसेल, तर उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो वजन, सोबत घ्यावेच लागते. त्यात डबा, विजेरी आणि औषधे आली की पट्टा खाली सरकू लागतो, आणि आवळला तर पोट दाबले जाते. खांद्यांवरचे जोडपट्टे लावल्यावर हा त्रास बराच कमी होतो, म्हणून ते लावण्याची सोय असलेलाच पॅक घ्यावा.

मुक्कामासाठी हा पॅक राजमाचीसारख्या ठिकाणीच पुरतो, कारण गडाखालच्या उधेवाडी गावात जेवण आणि छप्पर मिळते. पातळ स्लीपिंग बॅग खालच्या पट्ट्यांत बांधली की काम भागते. तंबू आणि शिधा न्यायचा असेल, तर याचा विचारही करू नये. पावसाळ्यात तो पोंचोखाली, म्हणजे डोक्यावरून घालायच्या सैल रेनकोटखाली, सहज मावतो, तरी पाठीवरून ओघळणारे पाणी वरच्या चेनमधून आत शिरते, म्हणून कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावेत.

खरेदीपूर्वी दुकानातच दोन भरलेल्या बाटल्या आत घालून, पट्टा आवळून जिना चढून-उतरून पाहावा. रिकामा पॅक कोणाच्याही कंबरेला नीटच बसतो.